पुरावा मागू नये

लॉर्ड्सवर सचिन तेंडुलकरपेक्षा अजित आगरकर हा मोठा फलंदाज होता, असं माझं मत आहे. हे मत मी लग्नाच्या पंगतीत मांडलं आहे, बँकेच्या रांगेत मांडलं आहे आणि एकदा ओंकारेश्वराच्या घाटावर, दहाव्याचा कावळा शिवायला वेळ लागत होता तेव्हाही मांडलं आहे. (मी दुसरं वाक्य सुरू केलं आणि कावळा शिवला. गेलेल्या गृहस्थांना बहुधा पुढचं ऐकायचं नव्हतं.)

या मतात खोट एकच. त्याला पुरावा आहे. 2002 च्या दौऱ्यात आगरकरने तिथे आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद 109 धावा काढल्या. तेंडुलकरची लॉर्ड्सवरची कसोटीतली सर्वांत मोठी खेळी 37 ची. गावसकरांचंही तिथे कसोटी शतक नाही. हे सगळं छापलेलं आहे, कुणालाही पाहता येतं, आणि म्हणूनच हल्ली हे मत मांडताना पूर्वीसारखी मजा येत नाही. समोरचा माणूस चिडायचं सोडून "हो का?" म्हणतो आणि खिशातून फोन काढतो. चाहत्याचं मत कुणी पडताळून पाहावं, यासारखा त्या मताचा दुसरा अपमान नाही.

माझा भाचा हिंजवडीत आकड्यांचं काम करतो. नेमकं काय करतो ते मी विचारलं नाही, कारण तो सांगेल अशी भीती वाटते. तो घरी आला की आमचं असं होतं:

"मामा, आगरकरची कसोटीतली सरासरी 16.79 आहे."

"असेल."

"ऑस्ट्रेलियाविरुद्ध सलग सात डाव शून्यावर गेलाय तो."

"त्यालाही सातत्य लागतं."

"आणि लॉर्ड्सचंच धरून बसायचं तर वेंगसरकरांची तिथे तीन शतकं आहेत. मग ते आगरकरच्याही वर."

"वेंगसरकरांचा विषय कुणी काढलाय इथे?"

भाचा हताश होऊन चहा पितो. त्याची अडचण माझ्या लक्षात येते. त्याच्याजवळ मत नाही, निष्कर्ष आहेत. तो मोबाइलवर अकरा खेळाडूंचा संघ लावतो, त्यात कधी बांगलादेशचा यष्टिरक्षक घेतो, आणि तो यष्टिरक्षक आपल्याविरुद्ध चौकार मारतो तेव्हा भाच्याचा चेहरा फुलतो. मी ते पाहिलं आहे. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आगरकर आता राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष आहे. 2025 च्या ऑक्टोबरात रोहित शर्माचं एकदिवसीय संघाचं कर्णधारपद शुभमन गिलकडे गेलं, तेव्हापासून बोरिवलीच्या बाजूला आगरकरचं नाव काढायची सोय राहिलेली नाही. मी मात्र त्याचा पक्ष सोडलेला नाही. का, ते विचारू नये.

मतांचे खरे चांगले दिवस म्हणजे काहीच दिसत नव्हतं ते दिवस. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर लागलं की आमचे वडील आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि तेवढ्या ऐकण्यावर "विश्वनाथचा पाय पुढे आला नाही" असा निर्णय देत. मैदान मद्रासला, वडील सदाशिव पेठेत, डोळे मिटलेले, आणि पाय विश्वनाथचा. पण घरात कुणाची शंका घ्यायची छाती नव्हती. विश्वनाथचीही झाली नसती.

याच कारणाने भारतीय क्रिकेटमधली सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली खेळी म्हणजे कपिल देवची झिम्बाब्वेविरुद्धची नाबाद 175. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स, 5 बाद 17 वरून. त्या दिवशी बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप असल्याने खेळीचं चित्रीकरणच झालं नाही. कॅमेरा नव्हता, म्हणून प्रत्येकाला ती हवी तशी बघता आली. आमच्या वाड्यातल्या एका काकांच्या हिशेबात त्यातला एक षटकार मैदानाबाहेरच्या रेल्वे रुळांवर पडला होता आणि गाडी थांबवावी लागली होती. दरवर्षी ती गाडी थोडी जास्त वेळ थांबे. शेवटी शेवटी प्रवासी खाली उतरून चहा घ्यायला लागले होते.

मग 2021 च्या डिसेंबरात '83' हा सिनेमा आला आणि रणवीर सिंगने ती खेळी करून दाखवली. सिनेमा वाईट नाही. संदीप पाटलांची भूमिका त्यांच्याच मुलाने, चिराग पाटीलने केली आहे. वेंगसरकर झाला आहे महेश कोठाऱ्यांचा आदिनाथ. पण काकांची गाडी कायमची रद्द झाली. आता ती खेळी सगळ्यांना सारखीच दिसते, आणि तीही रणवीर सिंगच्या चेहऱ्याने. काही गोष्टींचं चित्रीकरण होऊ नये म्हणून संपावर जाणाऱ्या त्या ब्रिटिश कामगारांबद्दल मला आदर आहे.

विषय निघालाच आहे तर क्रिकेटपटू आणि सिनेमा याबद्दलचं मतही उरकून टाकतो: क्रिकेटपटूंनी सिनेमात जाऊ नये. संदीप पाटील 1985 मध्ये 'कभी अजनबी थे'चे नायक झाले. खलनायक कोण, तर सय्यद किरमाणी. जगज्जेत्या संघातल्या दोन सभ्य माणसांनी पडद्यावर एकमेकांवर डोळे वटारायचे, आणि प्रेक्षकांनी यष्टिरक्षकाला घाबरायचं! सोलापूरला जन्मलेला सलील अंकोला सचिनबरोबर एकाच कसोटीत कराचीला उतरला. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. पुढे तो मालिका-सिनेमांत रमला. गावसकरांनी 'सावली प्रेमाची' या मराठी चित्रपटात काम केलं, आणि एक मराठी गाणंही गायलं.

पण गावसकरांची खरी कलाकृती ही नव्हेच. ती 1975 ची, पहिल्या विश्वचषकातली, पुन्हा लॉर्ड्सवरचीच. इंग्लंडने 60 षटकांत 334 केल्या आणि गावसकर पूर्ण 60 षटकं खेळून 174 चेंडूंत 36 धावांवर नाबाद परतले. लोक अजून कारण शोधताहेत. माझ्या मते कारण उघड आहे. देशात समांतर सिनेमाची लाट आली होती. जब्बार पटेलांचा 'सामना', बेनेगलांचा 'निशांत', सगळं त्याच सुमाराचं. त्या लाटेतली ती सर्वांत लांबीची कलाकृती. संथ गती, नायकाचा अंतर्मुख चेहरा, घटना नाहीत, शेवट उदास, आणि परदेशी प्रेक्षक उठून जात असलेले. महोत्सवाला पाठवली असती तर बक्षीस मिळालं असतं.

कॅमेरे आले, सगळं दिसायला लागलं, म्हणून पुरावा जिंकला असं मात्र समजू नका. 23 मार्च 2003 रोजी जोहान्सबर्गला पाँटिंगने अंतिम सामन्यात नाबाद 140 केल्या. जगभर ते थेट दिसलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो तर आमच्या पेठेत सगळ्यांना माहीत होतं, की पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती. संध्याकाळपर्यंत सामना पुन्हा खेळवणार असल्याचीही पक्की बातमी आली. ही बातमी पुण्यातच पसरली म्हणावं तर नंतर नागपूरचा, कोल्हापूरचा, लखनौचा, जो भेटला त्यालाही ती त्याच दिवशी, त्याच खात्रीने कळली होती. तेव्हा ना व्हॉट्सॲप होतं, ना काही. एवढी मोठी अफवा संपूर्ण देशाने तोंडी, बिनखर्चात, एका दिवसात पोचवली. स्प्रिंग होती की नाही हा प्रश्न गौण आहे. (होती.) झहीर खानच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या तेव्हाच सामना संपला होता, हे सगळ्यांनाच दिसलं होतं. पण श्रीरामपूरच्या पोराला बोल लावण्यापेक्षा टास्मानियाच्या माणसाच्या बॅटमध्ये स्प्रिंग बसवणं केव्हाही माणुसकीचं.

आयपीएल आली तेव्हा तीन वर्षं मी बिनसंघाचा होतो. मुंबईला आपलं म्हणणं पुण्यात राहून जमत नाही. काही संस्कार असतात. 2011 मध्ये अखेर पुणे वॉरियर्स आले. त्यांचं घरचं मैदान होतं नवी मुंबईत. गहुंजेचं स्टेडियम अजून तयार नव्हतं, म्हणून पुण्याचा संघ 'घरी' खेळायला घाट उतरून नेरुळला जाई. तीन मोसमांत त्यांनी नववा, नववा आणि आठवा क्रमांक पटकावला. मधल्या वर्षी संघच नऊ होते. आणि 2013 च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूला ख्रिस गेलने नाबाद 175 मारल्या त्या कोणाविरुद्ध? शतक 30 चेंडूंत. कपिलची 175 टिपायला एक कॅमेरा नव्हता. या 175 ला सगळ्या बाजूंनी कॅमेरे होते. बीबीसीचे ते कामगार या वेळी कुठे गेले होते?

2016 मध्ये नवा संघ आला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. कर्णधार महेंद्रसिंग धोनी. वाटलं, आता तरी. पण त्या वर्षी राज्यात दुष्काळ, मैदानाच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि सामने महाराष्ट्राबाहेर हलले. पुण्याचं घर आता विशाखापट्टणमला. पूर्वी घाट उतरला की घर यायचं, आता थेट बंगालचा उपसागर. नंबर आठांत सातवा. पुढच्या वर्षी कर्णधार बदलला, आणि संघाच्या नावाच्या शेवटचा एस काढून टाकला. जायंट एकच उरला. तरी त्या एकट्याने अंतिम फेरी गाठली. हैदराबादला मुंबईच्या 129 धावा. शेवटच्या षटकात पुण्याला 11 हव्या होत्या, पहिल्या चेंडूवर चौकार गेला, आणि तरीही आम्ही एका धावेने हरलो. मुंबईकडून. तो काढून टाकलेला एस त्या दिवशी धावला असता तर किमान बरोबरी होती, हे माझं मत आहे.

2018 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, चेन्नई सुपर किंग्जला घर सोडावं लागलं, आणि ते आले कुठे? गहुंजेला. पिवळे शर्ट घातलेले चाहते खास रेल्वेने तिकडून इकडे आले. आणि त्या वर्षीचा चषक चेन्नईने जिंकला. धोनी पुण्याचा कर्णधार होता तेव्हा सातवा. चेन्नईचा कर्णधार म्हणून पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा विजेता. पुणं भाडेकरूंना लाभतं, मालकांना नाही.

आणि म्हणूनच 'अशी ही बनवाबनवी'बद्दल माझं मत जगाहून वेगळं आहे. 1988 पासून अख्खा महाराष्ट्र त्या चौघांच्या बाजूने हसतो आहे. अशोक सराफ श्रेष्ठ की लक्ष्मीकांत बेर्डे, यावर घरं फुटायची वेळ आली आहे. (अशोक सराफ. आमच्या हिच्या मते लक्ष्मीकांत. दिवाळीत हा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे.) पण त्या सिनेमातला खरा अन्यायग्रस्त नायक आहे घरमालक विश्वासराव सरपोतदार. सुधीर जोशींनी काय सोसलं आहे ते पुन्हा एकदा शांतपणे पाहा. विश्वासाने खोली एकाला द्यावी आणि घरात चौघं निघावेत. इस्रायलहून मधुमेहाचं औषध मागवून देतो म्हणून भाडेकरूने 70 रुपये घ्यावेत; औषध नाही, पैसे नाहीत, वर भाडेकरूच्या चतुराईला थिएटरभर टाळ्या. 1988 सालचे 70 रुपये! या माणसाची बाजू मांडणारा एकही लेख मराठीत नाही. मधुमेह झालेला पुणेकर घरमालक ही उपेक्षित व्यक्तिरेखा आहे, आणि मी हे स्वतः कधीही खोली भाड्याने दिलेली नसताना सांगतो आहे.

हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून ही गोष्ट घेतली, असं भाचा लगेच सांगतो. सांगू दे. मूळ हिंदी सिनेमा किती जणांनी पाहिलाय? त्यातल्या घरमालकाची जयंती कोण करतो?

भाच्याच्या पिढीचा सिनेमाही आता स्कोअरबोर्डावर चालतो. 'सैराट' आला 2016 च्या एप्रिलच्या शेवटी. मी थिएटरात पाहिला. 'झिंगाट' लागलं तेव्हा लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते आणि माझ्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर जागच्या जागी खांदे उडवत होते. बाहेर आल्यावर त्या शेवटाने कुणाला बोलता येत नव्हतं. हे सगळं मी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हो, शंभर कोटींच्या वर गेला ना?" निर्मात्याच्या खात्यात किती गेले याची एवढी काळजी मी माझ्या खात्याचीसुद्धा करत नाही. दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली. तो आकडा मला चालतो. आठवडे माणसांनी रांगेत उभं राहून काढलेले असतात. कोटी काय, कॉम्प्युटर काढतो.

सर्वोत्कृष्ट खलनायक? तात्या विंचू. 'झपाटलेला', 1993. रामदास पाध्यांचा बाहुला. निळू फुल्यांना मी देवाच्या जागी मानतो, पण निळूभाऊ सिनेमा संपल्यावर सज्जन माणूस होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहुल्याच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'ची होती म्हणतात, असेना. तो अमेरिकन बाहुला गणपतीच्या देखाव्यात उभा करून दाखवा.

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो. माझं सर्वांत जुनं, सर्वांत लाडकं मत अलीकडे मी गमावलं. ते अमोल मुजुमदारबद्दल होतं. 1988 साली आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी 664 ची भागी करत होते, तेव्हा हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने 260 काढल्या, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या, मुंबईला रणजी जिंकून दिली. भारताची टोपी मात्र एकदाही मिळाली नाही. "अमोलला घ्यायला हवा होता" हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षं जपलं. सामना कुठलाही असो, हरलो की म्हणायचं. हॉकीत हरलो तरी म्हटलेलं आहे. घरात मुरलेल्या लोणच्यासारखं ते वाक्य कुठल्याही ताटात चालायचं.

आणि मग 2 नोव्हेंबर 2025. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, डी. वाय. पाटील स्टेडियम, म्हणजे तेच, ज्याला एके काळी पुण्याचं घर म्हणत. उपांत्य फेरीत तिथेच जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127. सांगलीची स्मृती मानधना सलामीला. दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून हरमनप्रीत कौरचा संघ जगज्जेता झाला, आणि या संघाचा प्रशिक्षक कोण? अमोल मुजुमदार. (पुण्याच्या घरात अखेर चषक आला. भाडेकरूंनीच आणला, हे लक्षात घ्यावं.)

मला आनंद झाला. डोळे भरून आले. तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, तू इतकी वर्षं बरोबर बोलत होतास."

एवढ्या एका वाक्याने त्याने सगळ्यावर पाणी ओतलं. आता "अमोलला घ्यायला हवा होता" म्हटलं की लोक चक्क मान डोलावतात. रिक्षावालेसुद्धा. वाद नाही, आवाज चढत नाही, पोहे थंड होत नाहीत. ज्या मताला सगळ्यांचा होकार आहे ते घेऊन मी करू काय?

म्हणून सध्या मी अशा मताकडे वळलो आहे जिथे भाच्याचा हात पोचणार नाही. पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. गळाही गोड होता. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध एका डावात 16 धावांत 8, दुसऱ्यात 18 धावांत 5. पण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, त्यामुळे शिवलकरांना कसोटी मिळाली नाही, एकही नाही. 2025 च्या मार्चमध्ये ते गेले. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिलं त्यात शिवलकरांना जागा दिली आहे, एवढा एक कागद या मताच्या बाजूने आहे, पण तो मी सहसा कुणाला दाखवत नाही.

"मामा, बेदींच्या 266 कसोटी विकेट्स आहेत," भाचा म्हणतो. "शिवलकरांची शून्य. तुलना होऊच शकत नाही."

होऊ शकत नाही हेच तर उत्तम आहे. शिवलकर बेदींपेक्षा सरस होते.